बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं? कमी आरपीएमवर दबणाऱ्या डिझेल ट्रक इंजिनाचं निदान आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. इंजिन बांधून फार दिवस झालेले नाहीत. ऑइल वेळेवर बदललंय, फिल्टर चांगले आहेत, टेम्परेचरचा काटा लाल पट्ट्यात कधी गेलेला नाही. तरी इंजिन गरम झालं की ऑइल प्रेशर खाली बसायला लागतं, चढावर खालून ठकठक ऐकू येते, आणि चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं पात्र) खोलावं तर बिग एंडचे (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचे) बेअरिंग खाल्लेले. मग दोष कधी ऑइलवर जातो, कधी बेअरिंगच्या ब्रँडवर, कधी क्रँक (पिस्टनची वरखाली हालचाल फिरतीत बदलणारा दांडा) ग्राइंड करणाऱ्यावर. नवे बेअरिंग बसतात आणि काही महिन्यांनी तीच गाडी पुन्हा पिटवर उभी राहते.

अशा गाडीच्या बाबतीत पहिला प्रश्न ड्रायव्हरला विचारावा. गाडी भरलेली असताना चढावर तुम्ही किती आरपीएमपर्यंत ओढता, आणि तेव्हा एक्सिलेटर किती दाबलेला असतो? "टॉपमध्येच काढतो, गिअर पाडायची वेळच येत नाही" असं छाती फुगवून उत्तर आलं, तर पाना हातात घेण्याआधीच निम्मं निदान झालं म्हणायचं.

दबणं कधी म्हणायचं

कमी आरपीएमचं उगाच भय बाळगू नये. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी टॉप गिअरमध्ये १,००० आरपीएमवर चालली आहे आणि पाय एक्सिलेटरवर नुसता टेकलेला आहे, तर इंजिनाला काही होत नाही. उलट डिझेल वाचतं. आयडलवर तर इंजिन ६००-७०० आरपीएमवरच फिरतं, पण त्याच्यावर लोड नसतो. नुकसान होतं ते आरपीएम खाली आणि लोड जवळजवळ पूर्ण, या दोन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या की. यालाच लगिंग म्हणतात.

ओळखायची चाचणी सोपी आहे. चालत्या गाडीत एक्सिलेटर आणखी थोडा दाबा. आरपीएम वाढले तर इंजिनाकडे ताकद शिल्लक आहे. पाय खाली गेला आणि काटा जागचा हलला नाही, किंवा उतरतच राहिला, तर इंजिन दबलेलं आहे. आवाजही सांगतो: नेहमीची धार जाऊन जड, घुमल्यासारखा आवाज येतो, आरसे आणि गिअर लिव्हर थरथरायला लागतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत मागे काळा धूर दिसतो. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) असलेल्या गाडीत धुराची वाट पाहू नका. तिथे हवा कमी पडली की ईसीयू डिझेलच कापतं, म्हणून धूर न होताही इंजिन दबलेलं असू शकतं.

प्रत्येक इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एका ठराविक पट्ट्यात सर्वांत जास्त असतो. आजच्या मोठ्या ट्रक इंजिनांत तो साधारण १,००० ते १,४०० आरपीएमच्या दरम्यान सापडतो, जुन्या इंजिनांत थोडा वर, छोट्या पिकअपच्या इंजिनांत आणखी वर. आपल्या गाडीचा नेमका पट्टा मॅन्युअलमध्ये दिलेला असतो, आणि तो बघितल्याशिवाय "अमुक आरपीएमच्या खाली जायचं नाही" असा सरसकट नियम करू नये. एका इंजिनासाठी १,१०० आरामाचे, तर दुसऱ्यासाठी तेच जीवघेणे.

या पट्ट्याच्या वर असताना चढ लागला की आरपीएम उतरतात, पण उतरताना टॉर्क वाढत जातो आणि इंजिन स्वतःला सावरून घेतं. पट्ट्याची खालची कड ओलांडली की सगळं उलट होतं. आरपीएम पडले की टॉर्क पडतो, टॉर्क पडला की आरपीएम आणखी पडतात. म्हणून बराच वेळ "काढेल, काढेल" वाटणारी गाडी एकदम मान टाकते. शेवटच्या त्या काही सेकंदांत बेअरिंगवर जे काही गुदरतं, त्याचा हिशेब पुढे आहे.

आत काय होतं

ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. किलोवॉट, न्यूटन मीटर आणि आरपीएम यांचं गणित असं: टॉर्कला आरपीएमने गुणा आणि ९,५४९ ने भागा, किलोवॉट मिळतात. समजा एखादा चढ एका वेगाने काढायला १५० किलोवॉट लागतात. १,००० आरपीएमवर त्यासाठी सुमारे १,४३२ न्यूटन मीटर टॉर्क लागेल. तेच काम एक-दोन गिअर खाली घेऊन १,४०० आरपीएमवर केलं तर सुमारे १,०२३ पुरतील. रस्ता तोच, वेग तोच, माल तोच, आणि प्रत्येक पिस्टनवरचा सरासरी दाब जवळपास २९ टक्क्यांनी कमी.

सहा सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेरीत तीन सिलिंडर पेटतात. म्हणजे १,००० आरपीएमला सेकंदाला ५० धक्के, १,४०० ला ७०. तीच शक्ती ५० धक्क्यांत मागितली की एकेक धक्का मोठा होणारच. त्यात आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पिस्टन वर जाऊन थांबतो तेव्हा त्याचं स्वतःचं जडत्व त्याला वरच ओढत असतं, आणि पेट घेतलेल्या गॅसच्या दाबाचा काही भाग ते खाऊन टाकतं. हे जडत्वाचं बळ आरपीएमच्या वर्गाप्रमाणे बदलतं. १,४०० वरून १,००० ला आलात की ते जवळजवळ निम्मं होतं. म्हणजे धक्का मोठा झाला आणि तो झेलणारा हातही निघून गेला. सगळा भार कनेक्टिंग रॉडच्या वरच्या शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीवर) आणि क्रँकला इंजिनात धरणाऱ्या मेन बेअरिंगच्या खालच्या शेलवर.

आता ऑइल. बेअरिंग आणि क्रँक एकमेकांना टेकू नयेत म्हणून मध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, तो फक्त पंपाच्या प्रेशरने टिकत नाही. क्रँक फिरताना स्वतःच ऑइल पाचरीसारखं आत ओढून घेतो आणि त्या पाचरीवर तरंगतो. फिरण्याचा वेग कमी आणि भार जास्त, की थर पातळ होतो. एका मर्यादेनंतर धातूला धातू लागायला लागतो. ऑइल गरम होऊन पातळ झालेलं असेल तर ही मर्यादा आणखी लवकर येते. प्रेशरचा काटा अशा वेळी ठीकठाक दाखवत असतो, आणि त्यामुळेच सगळ्यांची दिशाभूल होते.

हवेची गोष्ट थोडक्यात: कमी आरपीएमवर एग्झॉस्टचा प्रवाह कमी, म्हणून टर्बो पुरेसा फिरत नाही, म्हणून बूस्ट (टर्बोने आत ढकललेल्या हवेचा दाब) कमी. पाय मात्र पूर्ण दाबलेला. डिझेल जास्त, हवा कमी. काजळी होते, तिच्यातली काही ऑइलमध्ये उतरते, काही ईजीआर (एग्झॉस्टचा काही भाग परत आत फिरवणारी व्यवस्था) आणि डीपीएफमध्ये (काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) बसते. एग्झॉस्टचं तापमान चढतं. पायरोमीटर (एग्झॉस्टचं तापमान मोजणारा मीटर) लावणारे बरेच जण टर्बोच्या आधीच्या मापात ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास रेघ मारतात, त्यावर फार वेळ राहायचं नाही म्हणून. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांला वितळतं. पिस्टन तरी टिकतो तो खालून मारल्या जाणाऱ्या ऑइलच्या फवाऱ्यामुळे आणि भोवतालच्या पाण्यामुळे, आणि ऑइल पंप काय, वॉटर पंप काय, दोन्ही क्रँकवरच चालतात. आरपीएम पडले की दोघांचाही पुरवठा पडतो. उष्णता सर्वाधिक निर्माण होते त्याच वेळी ती काढून नेणारे हात आखडतात. हेड गॅस्केट फुंकणं, हेडला दोन व्हॉल्व्हच्या मधे बारीक चीर जाणं, पिस्टनचा माथा भाजणं, या तक्रारी इथून येतात.

बेअरिंगच्या नादात क्लच आणि त्यामागची गाडी विसरली जाते. मोठे पण सुटे सुटे धक्के क्रँकला पीळ देतात. क्लच प्लेटमधल्या स्प्रिंगा सैल होतात किंवा तुटतात, गिअर बॉक्स कमी आरपीएमवर खडखडतो, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस लवकर वाजायला लागतात. क्लच प्लेटचं लायनिंग शाबूत आणि स्प्रिंगा मात्र खिळखिळ्या, अशी प्लेट हातात आली तर इंजिन उघडण्याआधी गाडी कशी चालवली जाते ते विचारा.

आणखी एक. छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांत कमी आरपीएमवर इंधन वेळेआधी पेट घेण्याचा जो प्रकार असतो, तो वाचून काही जण डिझेललाही तेच लावतात आणि इंधनात काहीबाही मिसळायला सांगतात. डिझेल इंजिनात इंधन पेटायच्या वेळीच आत फवारलं जातं, आधी आत नुसती हवा असते. तो आजार वेगळा, हा वेगळा. बाटलीतल्या औषधाने लगिंग बरं होत नाही.

उघडलेले बेअरिंग वाचायला शिका

शेल काढल्या की भंगारात टाकू नका. पुसा, कुठल्या सिलिंडरची, वरची की खालची, अशी खूण करा आणि ओळीने मांडून उजेडात बघा.

लगिंग असेल तर रॉडच्या वरच्या शेल आणि मेनच्या खालच्या शेल मध्यभागी चकाकलेल्या, घासलेल्या दिसतात. वरचा राखाडी मऊ थर जाऊन खालचा तांबूस रंग उघडा पडलेला असतो. त्यांच्याच जोडीच्या समोरच्या शेल मात्र जवळपास नव्यासारख्या. सगळ्या सिलिंडरांवर थोड्याफार फरकाने हेच चित्र असतं.

ऑइलच पोचलं नसेल तर चित्र निराळं असतं: वरच्या-खालच्या दोन्ही शेल रगडल्या जातात, धातू काळानिळा पडतो, कधी ओघळतो. कचरा गेला असेल तर गोल फिरलेले ओरखडे आणि रुतलेले कण नखाला लागतात. एकाच सिलिंडरची शेल गेली आणि बाकी उत्तम असतील, तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर, रॉडचा सरळपणा आणि त्या जर्नलचं (क्रँकवरच्या बेअरिंग बसणाऱ्या भागाचं) माप तपासा. तिथे ड्रायव्हरला दोष देऊ नका. शेलच्या एका कडेलाच झीज असेल तर जर्नल निमुळतं झालंय किंवा रॉड वाकलाय.

इंजिन न उघडता अंदाज घ्यायचा असेल तर ऑइलचा नमुना लॅबला द्या. शिसं, कथील, तांबं हे आकडे सोबत वाढत असतील आणि काजळीही जास्त असेल, तर संशय बळावतो. एकाच नमुन्यावर निकाल देऊ नये, दोन-तीन सर्व्हिसचा कल बघावा. तेवढी सोय नसेल तर जुना ऑइल फिल्टर कापा, आतला कागद पसरून उन्हात धरा. चमचमणारी तांबूस-राखाडी बारीक पूड दिसली तर पुढच्या ऑइल बदलाची वाट पाहू नका.

ड्रायव्हर दबवतो की गाडीच दबते?

इथे घाईने निवाडा होतो. लगिंगचा पुरावा मिळाला की ड्रायव्हरला झापलं जातं आणि विषय संपतो. पण ड्रायव्हर पूर्वीच्याच आरपीएमवर गिअर बदलतोय आणि इंजिनाची ताकदच घटली आहे, असंही असतं. मग आधी पुरणारा गिअर आता पुरत नाही आणि त्याच्या लक्षातही येत नाही. म्हणून आधी गाडी तपासा.

काळा धूर आणि ताकद कमी असेल तर हवा कमी पडते आहे. एअर फिल्टरचा इंडिकेटर बघा. इंटरकूलरचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीचे) होज पाइप हाताने चाचपा. सांध्याला तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तिथून बूस्ट गळतो आहे. खात्री करायची तर चार्ज एअरच्या लाइनला मॅन्युअलमधल्या दाबाइतकी हवा देऊन साबणाचं पाणी लावा. रेग्युलेटर न लावता थेट कॉम्प्रेसरची हवा सोडू नका, बूच निसटून डोकं फोडतं. धूर नाही आणि ताकद कमी असेल तर डिझेलकडे बघा: फिल्टर, टाकीतली जाळी, फीड पंप, लाइनमध्ये शिरणारी हवा. ईसीयूच्या गाडीत स्कॅनर लावून पूर्ण लोडला मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट यांचे आकडे शेजारी शेजारी बघितले की निम्मी चर्चा मिटते.

एग्झॉस्ट ब्रेकचं फुलपाखरू (एग्झॉस्ट पाइप अडवणारी झडप) अर्धवट अडकलेलं असणं हा फार वेळा हुकणारा दोष आहे. लिव्हर हाताने हलवून पूर्ण उघडतं का ते बघा. तसंच एखादं चाक ब्रेकला धरून राहतं का तेही: गाडी चालवून आणल्यावर ड्रमजवळ हात नेऊन उष्णतेचा फरक बघायचा, ड्रमला हात लावायचा नाही.

आता गिअरिंग. आरपीएम काढायचे तर वेग, टायरचा घेर आणि डिफरन्शियलचा रेशो एवढं पुरतं. ताशी ६० किलोमीटर म्हणजे मिनिटाला १,००० मीटर. टायरचा घेर ३.२ मीटर धरला तर चाक मिनिटाला ३१२ फेऱ्यांच्या आसपास फिरतं. टॉप गिअर डायरेक्ट असेल आणि रेशो ४.११ असेल तर इंजिन सुमारे १,२८४ आरपीएमवर असेल. त्याच गाडीला कुणी ३.५५ चं हौसिंग बसवलं तर तोच वेग १,१०९ वर येतो. सपाटीवर छान वाटतं, डिझेलही वाचतं. पण जुन्या सवयीने त्याच वेगाला गिअर पडायला लागला की इंजिन प्रत्येक चढावर पट्ट्याखाली. मोठ्या घेराचे टायरही हेच करतात, थोडं कमी प्रमाणात. गाडी जुनी घेतली असेल तर प्लेटवरचा रेशो आणि आत असलेला रेशो एकच आहे असं गृहीत धरू नका. टॅकोमीटर नसलेल्या गाडीत याच हिशेबाने प्रत्येक गिअरसाठी "यापेक्षा खाली वेग गेला की गिअर पाडा" असे आकडे काढून डॅशबोर्डवर चिकटवावेत.

पंपाचा बूस्ट कॉम्पेन्सेटर (बूस्टप्रमाणे डिझेल ठरवणारा भाग) पिळलेला असेल, किंवा चिप लावून खालच्या आरपीएमचा टॉर्क वाढवलेला असेल, तर आधी ते मूळ सेटिंगवर आणा. बनवणाऱ्यांनी त्या आरपीएमला टॉर्क कमी ठेवलेला असतो तो बेअरिंग आणि टर्बोची मर्यादा पाहूनच. "आता टॉपमध्येच चढते" ही अशा ट्यूनिंगची जाहिरात मला नेहमी बेअरिंग विकणाऱ्याने लिहिल्यासारखी वाटते.

गिअर कधी पाडायचा

पूर्ण पायावर आरपीएम टॉर्कच्या पट्ट्याच्या खालच्या कडेकडे सरकायला लागले की, कड येण्याआधी. बहुतेक गाड्यांत टॅकोमीटरवरच्या हिरव्या पट्ट्याचा अगदी खालचा भाग हलक्या पायाने धावण्यासाठी असतो. भरलेल्या गाडीने चढावर तिथे पोचलात तर उशीर झालेला आहे. गिअर बदलताना वेगही पडतो, तो पडलेला वेग धरूनच हिशेब करायचा. दोन गिअरमधलं अंतर १.३५ असेल तर १,१५० वरून पाडलेला गिअर सुमारे १,५५० वर बसेल. स्प्लिटर (प्रत्येक गिअरचे दोन भाग करणारी सोय) असेल आणि अर्धाच गिअर पाडला तर १,३५० च्या आसपास. चढ लांब आणि खडा दिसत असेल तर अर्ध्या-अर्ध्या गिअरने पाठलाग करण्यापेक्षा पायथ्यालाच पूर्ण गिअर खाली घ्या. प्रत्येक वेळी क्लच दाबताना गाडीची गती वाया जाते, ती भरलेल्या गाडीला परत मिळत नाही.

घाटाची सगळ्यांना आठवण असते. खरं नुकसान रोजच्या गर्दीत, गतिरोधकांवर आणि वळणांवर होतं. गाडी चौथ्यात येते, गतिरोधकासाठी वेग निम्मा होतो, आणि पुन्हा चौथ्यातच पाय खाली जातो. काही सेकंद इंजिन घुमतं, मग गाडी सुटते. दिवसातून असं किती वेळा होतं कुणी मोजत नाही, आणि ड्रायव्हरला विचारलं तर तो प्रामाणिकपणे "मी दबवत नाही" म्हणेल. एकदा शेजारी बसून फेरी मारली की कळतं. भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्यातून उठवणं हाही त्याच जातीचा प्रकार, फक्त तिथे क्लचही सोबत जळतो.

क्रूझ कंट्रोलला चढ दिसत नाही. मॅन्युअल गिअर बॉक्सच्या गाडीत तो चढावर फक्त डिझेल वाढवत राहतो, म्हणून चढाआधी तो काढावा. ऑटोमेटेड गिअर बॉक्स स्वतः गिअर पाडतो, पण मॅन्युअल मोडमध्ये टाकून वरचा गिअर धरून ठेवला तर तोही दबतो. पीटीओवर (इंजिनाच्या ताकदीवर इतर यंत्र चालवायच्या जोडणीवर) पंप किंवा टिपर चालवताना आयडलवर जड काम घेऊ नये. त्या कामासाठी ठरवून दिलेले आरपीएम लावावेत.

"पण मग डिझेल जास्त जाईल" हा आक्षेप हमखास येतो. सपाटीवर उगाच खालचा गिअर धरला तर जाईलच. पूर्ण लोडला मात्र इंजिनाची सर्वांत काटकसरीची जागा साधारण टॉर्कच्या पट्ट्यातच असते. त्याच्या खाली हवा अपुरी पडते आणि डिझेलचा काही भाग काजळी होऊन जातो. उतारावर गिअर पाडताना मात्र उलटी काळजी घ्या. तिथे चाकं इंजिनाला फिरवतात, कमाल आरपीएम ओलांडले गेले तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागायला वेळ लागत नाही.

दबलेल्या इंजिनाचं पुढे काय

कारण सापडून दूर झालं, तरी आधीची झीज भरून येत नाही. गरम इंजिनाचं आयडल प्रेशर आणि पट्ट्यातल्या आरपीएमचं प्रेशर वेगळ्या मीटरने मोजून वहीत लिहा आणि मॅन्युअलशी ताडा. काजळीने भरलेलं ऑइल असेल तर ते आणि फिल्टर लगेच बदला, सर्व्हिसचं अंतर बघत बसू नका. ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच ठेवा. प्रेशर दिसावं म्हणून जाड ऑइल ओतलं की काटा वर येतो, पण थंड सुरुवातीला ते वरच्या भागात उशिरा पोचतं.

बेअरिंग बदलायची वेळ आली तर क्रँकचं माप, ओव्हल आणि चिरेची तपासणी झाल्याशिवाय नवे शेल घालू नका. पुढचा व्हायब्रेशन डॅम्पर (क्रँकच्या टोकावरची, पीळ शोषणारी चकती) बहुतेक वेळा तसाच परत बसवला जातो. रबराचा असेल तर आतल्या-बाहेरच्या रिंगवरच्या खुणा जुळतात का, रबर बाहेर आलंय का ते बघा; सिलिकॉन द्रवाचा असेल तर गळती, ठोका किंवा फुगवटा. डॅम्पर मेलेला असेल तर क्रँकचा पीळ कुणी शोषत नाही, आणि गिअर कितीही वेळेवर पाडला तरी नवा सेट पुन्हा त्याच पिटवर येईल.